कुत्र्याने हापूसची अख्खी कोय गिळली आहे : थांबावे की घाट चढून कोल्हापूर गाठावे?

आडवाट, देवरुख
शनिवार, सायंकाळी ५.४०

नमस्कार. आमच्या बंड्याने, म्हणजे साडेचार वर्षांच्या लॅब्राडॉरने, आज दुपारी हापूसची अख्खी कोय गिळली आहे अशी माझी जवळजवळ खात्री झाली आहे. पुढे काय करावे यावर घरात एकमत होत नाही, म्हणून येथे लिहीत आहे. गेल्या महिन्यात लस टोचायला नेले तेव्हा त्याचे वजन ३१ किलो भरले होते. यापूर्वी पोटाचे कोणतेही दुखणे झालेले नाही.

दुपारी आमरसासाठी बारा आंबे पिळले. सासूबाई बाठे धुऊन वाळवतात आणि पावसाळ्यात रोपांसाठी रुजत घालतात, त्यामुळे कोयी टाकून न देता परातीत घालून मागच्या पडवीत ठेवल्या होत्या. साडेबाराच्या सुमारास परातीचा आवाज झाला. मी जाऊन पाहिले तेव्हा परात उपडी झालेली होती आणि बंड्या जिभेने नाक पुसत उभा होता. कोयी गोळा करून मोजल्या तर अकराच भरल्या. पडवी, माडाचे आळे, तुळशीवृंदावनाची मागची बाजू, सगळीकडे शोधले, पण बारावी सापडली नाही. चघळलेले तुकडे किंवा तंतूही कोठे दिसले नाहीत. माझा धाकटा मुलगा तेथेच होता. तो म्हणतो की बंड्याने मान वर केली आणि काहीतरी घोटकन गिळले.

चार वाजता त्याला एक उलटी झाली. तीत रस आणि पिवळसर फेस होता, कोय नव्हती. त्यानंतर तो न्हाणीघराच्या गार फरशीवर पोट टेकून पडला आहे. हाक मारली की शेपूट हलवतो, पण पाच वाजताची दूध-भाकरी त्याने हुंगली आणि तोंड फिरवले. शेजारचे काका मिठाचे कडक पाणी पाजून उलटी काढायला सांगत आहेत, तर सासूबाईंच्या मते दोन चमचे एरंडेल पुरेसे आहे. येथील पशुवैद्यांना फोन केला. ते प्रामुख्याने गाईगुरांवर उपचार करतात. त्यांनी मोकळेपणाने सांगितले की त्यांच्याकडे एक्स-रेची सोय नाही, आणि सकाळपर्यंत लक्ष ठेवावे. आंबा घाटाने कोल्हापूर आम्हाला अडीच-तीन तासांवर आहे. सकाळपर्यंत थांबण्यात धोका किती, आणि तोवर घरी काय करावे, हे कृपया कोणी जाणकाराने सांगावे.


गोठा ते गॅलरी (पशुवैद्य)
शनिवार, सायंकाळी ५.५८

ताई, आधी उत्तर देतो, कारणे खाली लिहितो. मीठ देऊ नका, एरंडेल देऊ नका आणि सकाळची वाटही पाहू नका. आज रात्रीच निघा. मात्र निघण्यापूर्वी जेथे नेणार आहात तेथे फोन करून तीन गोष्टी विचारा : रात्री एक्स-रे आणि सोनोग्राफी होईल का, शस्त्रक्रिया करावी लागली तर भूल देणारे आणि हाताखाली मदत करणारे माणूस हजर असेल का, आणि शस्त्रक्रियेनंतर रात्रभर सलाईनवर ठेवण्याची व्यवस्था आहे का. तिन्हींपैकी एकाचेही उत्तर नाही असे आले तर दुसरीकडे विचारा. तीन तासांचा घाट चढून बंद दारापाशी पोहोचण्यापेक्षा घरी दहा मिनिटे फोनवर घालवलेली बरी.

उरलेल्या अकरा कोयींपैकी त्याच आकाराची एक कोय पिशवीत घालून सोबत न्या, हे विसरू नका. आंब्याची कोय ही लाकडासारखी वस्तू आहे. हाड किंवा नाणे जसे एक्स-रेवर पांढरे ठळक उमटते तशी ती उमटत नाही, आणि जठरात अन्न असेल तर त्यात सहज हरवते. सोबतच्या कोयीचा एक्स-रे शेजारी काढला की नेमके काय शोधायचे आहे ते डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे राहते. सोनोग्राफीत कोयीची वक्र कड चमकते आणि तिच्यामागे काळी सावली पडते, त्यामुळे पुष्कळदा तीच अधिक उपयोगी ठरते.

आता थांबू नका असे का म्हणतो ते लिहितो. कुत्र्याने गिळलेली वस्तू प्रामुख्याने तीन ठिकाणी अडकू शकते. पहिली जागा म्हणजे घशापासून जठरापर्यंतची अन्ननलिका. तेथे अडकली तर कुत्रा सतत लाळ गाळतो, मान ताणतो, पुन्हा पुन्हा गिळण्याचा प्रयत्न करतो, आणि प्यालेले पाणी क्षणात जसेच्या तसे बाहेर येते. बंड्याच्या बाबतीत तसे दिसत नाही. दुसरी जागा जठराचे खालचे तोंड. तेथे कोय बुचासारखी बसते, कधी सरकून मोकळी होते आणि पुन्हा बसते. त्यामुळे मधले काही तास, क्वचित काही दिवसही, कुत्रा ठणठणीत वाटतो. जठरात दोन-तीन आठवडे राहिलेल्या कोयी मी स्वतः काढल्या आहेत. तिसरी आणि सर्वांत घातक जागा म्हणजे लहान आतडे. बंड्याच्या आकाराच्या कुत्र्याच्या लहान आतड्याची आतली वाट साधारण आपल्या अंगठ्याएवढी असते. हापूसची कोय सात-आठ सेंटिमीटर लांब आणि चांगली रुंद असते. ती तेथे शिरली तर आतड्याची भिंत तिच्याभोवती ताणली जाते, त्या भागाचा रक्तपुरवठा दबतो आणि भिंत मरू लागते. मग आतड्याला भोक पडून आतला मैला पोटाच्या पोकळीत सांडण्याची भीती असते. कोय जठरात असतानाची शस्त्रक्रिया आणि आतड्याचा काळा पडलेला तुकडा कापून दोन टोके जोडण्याची शस्त्रक्रिया यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक बहुतेक वेळा गेलेल्या तासांचा असतो. लहान आतडे ओलांडून वस्तू मोठ्या आतड्यात पोहोचली की ती बहुधा शौचावाटे पडते, पण हापूसची कोय तेथवर सुखरूप जाईल यावर मी तरी पैज लावणार नाही.

तुमच्या लिहिण्यातील दोन गोष्टींमुळे मी आज रात्रीचा आग्रह धरतो आहे. एक म्हणजे उलटी, आणि दुसरी, माझ्या दृष्टीने अधिक बोलकी, म्हणजे नाकारलेली दूध-भाकरी. लॅब्राडॉरने अन्नाकडे पाठ फिरवणे हे लक्षणच समजावे.

मिठाच्या पाण्याविषयी काकांना माझ्यातर्फे नम्रपणे सांगा की हा उपाय माणसांच्या जुन्या घरगुती पुस्तकांतून कुत्र्यांपर्यंत आला आहे आणि तो धोकादायक आहे. उलटी झाली नाही तर सगळे मीठ रक्तात उतरते, रक्तातील सोडियम वाढते, आणि कुत्र्याला थरथर, झटके, अगदी बेशुद्धीही येऊ शकते. कोणी हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवले तरी नको म्हणा. काही देशांत डॉक्टर फोनवर ३ टक्क्यांचे द्रावण मोजून द्यायला सांगतात, पण आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळते ते बहुधा ६ टक्क्यांचे असते, आणि सौम्य द्रावणानेही जठराच्या अस्तराला जखमा होतात. उलटी काढायचीच असेल तर दवाखान्यात इंजेक्शनने काढतात, तीही साधारणपणे गिळल्यापासून पहिल्या दोन तासांत. बंड्याला पाच तास होऊन गेले आहेत. शिवाय कोयीसारखी मोठी, कडक वस्तू उलटीबरोबर वर येताना आडवी होऊन अन्ननलिकेत, छातीच्या आत अडकू शकते, आणि तेथून ती काढणे जठरातून काढण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. एरंडेलाने आतडी जोराने आवळतात, आणि पुढची वाट बंद असताना मागून जोर लावला तर भिंत फाटते. याच कारणासाठी घरातील उलटी थांबवण्याची औषधे, विशेषतः मेटोक्लोप्रामाइड, देऊ नका. पोटदुखीसाठी माणसांची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी तर मुळीच देऊ नका.

निघेपर्यंत अन्न पूर्ण बंद ठेवा, कारण भूल द्यावी लागली तर रिकामे पोट हवे. पाणी मागितले तर जीभ ओली होईल इतकेच द्या. हिरडी बोटाने दाबून सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी फिकट किंवा चिकट लागली, पोट फुगले, किंवा पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर धरून तो उभा राहू लागला, तर वाटेतूनच दवाखान्याला तसे कळवा. गाडीत त्याच्या तोंडाला मुसके बांधू नका, कारण उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. प्रत्येक उलटीची वेळ आणि रंग कागदावर लिहून ठेवा.


आडवाट, देवरुख
शनिवार, सायंकाळी ६.२५

डॉक्टर, आपले मनापासून आभार. दोन ठिकाणी फोन केले. पहिल्या ठिकाणी रात्री भूल देणारे कोणी नाही. दुसऱ्या ठिकाणी सर्व व्यवस्था आहे आणि ते थांबायला तयार आहेत. हिरडी दाबून पाहिली, रंग लगेच परतला. आत्ता सव्वासहा वाजता दुसरी उलटी झाली, केवळ फेस. भावोजी गाडी काढत आहेत. कोय पिशवीत घेतली आहे.


माळरान, बारामती
शनिवार, सायंकाळी ६.४१

ताई, तुमचा धीर खचवण्याचा माझा हेतू नाही, परंतु डॉक्टरमंडळी थोडी घाई करतात असे मला नेहमी वाटत आले आहे. आमच्या मळ्यात पाच-सहा गावठी कुत्री कायम असतात. ती दर उन्हाळ्यात कोयी पळवतात आणि झाडाखाली तास-तासभर चघळत बसतात. त्यांपैकी एकालाही कधी काही झाल्याचे मला आठवत नाही. निसर्ग आपली व्यवस्था करतो. एवढ्या रात्री घाटातून जाण्यापेक्षा सकाळी शौचाला काय होते ते पाहून ठरवता आले असते.


गोठा ते गॅलरी (पशुवैद्य)
शनिवार, सायंकाळी ७.०२

माळरान, आपण जे पाहिले आहे ते खरेच आहे, पण त्याचे उत्तर आपल्याच वाक्यात आहे : ती कुत्री कोय चघळत बसतात. चघळणारे कुत्रे कोय पंज्यात धरते, रस आणि तंतू ओरबाडते आणि कंटाळले की टाकून देते. सकाळी झाडाखाली तुम्हाला ती पांढरी झालेली सापडतही असेल. बंड्याने चघळलेली नाही, गिळलेली आहे. परात उपडी होताना ओरडा झाला, कोणीतरी धावले, आणि हिसकावून घेतील या भीतीने त्याने ती घोटली. घरातल्या कुत्र्यांच्या बाबतीत मी हे पुन्हा पुन्हा पाहतो. तोंडात काही दिसले की आपण झडप घालतो आणि ते तत्काळ गिळतात. अशा वेळी आवाज न चढवता त्याच्या आवडीचे काहीतरी समोर धरावे. बहुतेक कुत्री तोंडातील वस्तू सोडून ते घेतात.

गिळलेले सर्वच अडकते असे माझे म्हणणे नाही. चिंचोके, चिकूच्या बिया, शर्टाचे बटण, लहान गुळगुळीत खडा, हे मोठ्या कुत्र्याच्या पोटातून दोन-तीन दिवसांत बहुधा निघून जाते, आणि त्यासाठी मी कोणालाही घाट चढायला लावणार नाही. तेथे शौच रोज काठीने चाळून पाहणे आणि उलटी, भूक, पोटाचा फुगा यांवर लक्ष ठेवणे पुरते. पण हे थांबणे फक्त लक्षणे नसलेल्या कुत्र्यासाठी आहे, आणि वस्तू बटण-सेल, लोहचुंबकाचे तुकडे, सुई, मासेमारीचा गळ किंवा दोरा यांपैकी असेल तर लक्षणे नसली तरी थांबू नये. बटण-सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत खोल भाजल्यासारखी जखम करतो.


पागोळी, दादर
शनिवार, रात्री ७.३५

डॉक्टरांनी दोऱ्याचा उल्लेख केला म्हणून लिहिते, कारण आमच्या घरी नेमके तेच घडले होते. आमची पॉमेरियन, चिमणी, हिने सुकलेल्या गजऱ्याचा दोरा गिळला. फुलांचा वास लागलेला असल्यामुळे तिला तो खाण्याचाच पदार्थ वाटला असावा. दुसऱ्या दिवशी शौचाच्या जागी दोऱ्याचे टोक दिसले आणि मी, काही विचार न करता, ते ओढणार होते. फोनवर असलेल्या डॉक्टरांनी मला अक्षरशः ओरडून थांबवले.

नंतर त्यांनी जे समजावून सांगितले ते मी आजवर विसरलेले नाही. दोऱ्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकते आणि उरलेला दोरा आतड्यात पुढे जातो. आतडे त्याला पुढे ढकलू पाहते, पण दोरा जागचा हलत नाही, आणि मग आतडेच त्यावर गोळा होते, परकराच्या नाडीवर कापडाच्या चुण्या पडाव्यात तसे. अशा वेळी एक टोक ओढले की ताणलेला दोरा चुण्यांच्या आतल्या बाजूने आतडे करवतीसारखे कापतो. चिमणीची जीभ उचलून पाहिली तेव्हा खाली दोऱ्याची निळसर रेघ दिसली. घरी मी तिचे तोंड उघडून पाहिले होते, पण जीभ उचलून पाहण्याचे मला सुचले नव्हते. तोंडातून दोरा लोंबत असेल तर ओढू नये, बाहेर लोंबणारा भाग फार लांब असेल तर थोडा राखून कापावा आणि थेट दवाखान्यात जावे, असे आम्हाला सांगण्यात आले.


सांजवेळ, पुणे
शनिवार, रात्री ८.१०

माळरान दादा, मी तुमच्यासारखाच विचार करत असे, म्हणून मला आमचा अनुभव येथे मांडावासा वाटतो. गेल्या पावसाळ्यात फिरायला गेलो असता आमच्या बीगलने रस्त्याकडेला टाकलेले, दाणे खाऊन उरलेले मक्याचे कणीस उचलले. आम्हाला ते दिसले नाही, किंवा दिसूनही महत्त्वाचे वाटले नाही. दोन दिवसांनी उलट्या सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यात नेले. पोट बिघडले असेल असे म्हणून उलटी थांबण्याचे इंजेक्शन दिले गेले. एक्स-रे काढला नाही आणि आम्हीही काढा म्हटले नाही. उलट्या थांबल्या. आम्ही दोन दिवस आनंदात होतो. तो मऊ भात चाटत होता, पण शौच होत नव्हते, आणि ते आम्ही 'पोटात काही नाही तर होणार काय' असे म्हणून सोडून दिले.

चौथ्या रात्री तो उठेना. दुसऱ्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा हिरड्या विटकरी लाल झाल्या होत्या आणि ताप १०४ च्या पुढे गेला होता. साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे कुत्र्याचे नेहमीचे तापमान असते, हेही मला त्या रात्री कळले. आतड्याचा साधारण वीतभर तुकडा काढावा लागला. तो वाचला, परंतु त्या पाच दिवसांत आम्ही काय भोगले ते लिहिण्यासारखे नाही. उलटी थांबणे आणि बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मला कळायला हवे होते. इंजेक्शनने उलटीची सूचना थांबली होती, कणीस जागच्या जागी होते. आता पोटाचे काहीही झाले की मी स्वतः विचारतो की यामागे अडथळा असू शकेल का, आणि एक्स-रे काढावा का. हा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अवमान होत नाही.


माळरान, बारामती
शनिवार, रात्री ८.४४

सांजवेळ, वाचून वाईट वाटले. चघळणे आणि गिळणे यांतला फरक मी लक्षात घेतला नव्हता, ते मान्य करतो. एक शंका राहते. खेड्यात, जेथे तालुक्यालाही एक्स-रे नाही, तेथे माणसाने काय करावे? प्रत्येकाकडे गाडी आणि कोल्हापूर नसते.


गोठा ते गॅलरी (पशुवैद्य)
शनिवार, रात्री ९.०५

हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचा आहे. तो मुख्यतः जनावरांसाठी असला तरी जवळचे पशुवैद्य कोठे आहेत हे त्यांना विचारता येते. आपल्या राज्यात पशुवैद्यक महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालये आहेत : मुंबईत परळला, नागपूरला, सातारा जिल्ह्यात शिरवळला, लातूर जिल्ह्यात उदगीरला आणि परभणीला. खर्च हा प्रश्न असेल तर तेथे विचारून पाहावे. आपल्याला सर्वांत जवळचे शिरवळ पडेल. जाण्यापूर्वी तेथील वेळा मात्र फोन करून पक्क्या कराव्यात.

आणि जेथे खरोखरच काही नाही, तेथे गुरांच्या डॉक्टरांना कमी लेखू नये. सलाईन लावणे त्यांना उत्तम येते, आणि वारंवार उलट्या करणाऱ्या कुत्र्याला प्रवासाआधी शिरेतून सलाईन मिळाले तर तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर कितीतरी चांगल्या अवस्थेत पोहोचतो. अनुभवी हाताला पातळ अंगाच्या कुत्र्याच्या पोटात कोय चाचपूनही लागते. ३१ किलोच्या लॅब्राडॉरच्या चरबीतून मात्र नाही. घरच्या माणसांनी पोट दाबून शोधाशोध करू नये.


ओसरी, न्यू जर्सी
शनिवार, रात्री ९.२०

येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक भर घालतो. डॉक्टरांनी नाण्यांचा उल्लेख एक्स-रेपुरताच केला. अमेरिकेतील एक सेंटचे नाणे १९८२ च्या सुमारापासून मुख्यतः जस्ताचे असून त्यावर तांब्याचा केवळ पातळ मुलामा असतो. जठरातील आम्लात जस्त विरघळते आणि रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात, त्यामुळे नाणे लहान असले तरी 'निघून जाईल' म्हणून थांबू नये. आमच्या कुत्र्याच्या बाबतीत लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाल्यावर आम्हाला हे समजले.


आडवाट, देवरुख
रविवार, सकाळी ११.१५

सर्वांना सांगायला आनंद होतो की बंड्या शुद्धीवर आहे.

रात्री पावणेदहाला पोहोचलो. घाटात आणखी दोन उलट्या झाल्या. त्यांच्या वेळा मी पाकिटाच्या मागे लिहिल्या होत्या आणि डॉक्टरांनी सर्वांत आधी तोच कागद मागितला. एक्स-रेवर कोय दिसली असे म्हणणे अवघड आहे. जठर फुगलेले होते आणि त्यात एक फिकट लांबट डाग होता, जो मला तर दाखवूनही नीट कळला नाही. मग आमच्या पिशवीतील कोयीचा एक्स-रे काढला आणि दोन्ही शेजारी धरले तेव्हा कडेची ती तंतूंची पुसट झालर दोन्हींत सारखी होती. सोनोग्राफीने खात्री झाली. कोय जठराच्या खालच्या तोंडात टोकाकडून शिरून बसली होती, आतड्यात गेली नव्हती. दुर्बीण घालून काढता येईल का असे मी विचारले. त्यांच्याकडे ती सोय नव्हती, शिवाय ओली कोय चिमट्यातून निसटते आणि वर ओढताना अन्ननलिकेला जखम होऊ शकते, असे त्यांनी सांगितले. अकरा वाजता सलाईन, साडेअकराला भूल, आणि पाऊण वाजता डॉक्टर एका स्टीलच्या वाटीत कोय घेऊन बाहेर आले. एका बाजूचे तंतू पूर्ण झडून ती गुळगुळीत झाली होती आणि दुसऱ्या बाजूला रसाचा केशरी रंग अजून तसाच होता.

जठराचे अस्तर लाल झाले होते, पण भिंत चांगली होती. आणखी एक दिवस गेला असता तर ती पुढे सरकली असती की तशीच राहिली असती हे सांगता येत नाही, असे ते म्हणाले. एकूण बिल सव्वीस हजारांच्या आसपास होईल. सासूबाई रात्रभर जाग्या होत्या. सकाळी फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'बारा भरल्या का?'

डॉक्टर, आज संध्याकाळी किंवा उद्या त्याला घरी सोडतील. पुढचे काही दिवस काय पाहावे?


गोठा ते गॅलरी (पशुवैद्य)
रविवार, दुपारी १२.०५

उत्तम बातमी. जठराची जखम आतड्याच्या जखमेपेक्षा खात्रीने भरते, कारण तेथे रक्तपुरवठा भरपूर असतो. तरीही पहिले पाच दिवस डोळ्यांत तेल घालून पाहा. टाके आतून सुटायचे असतील तर बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सुटतात, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा कुत्रा खेळकर झालेला असतो आणि घरचे निर्धास्त झालेले असतात. त्या दिवसांत पुन्हा उलटी, ताप, दुखरे किंवा ताणलेले पोट, किंवा अकारण मलूलपणा यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा.

खाणे त्यांनी सांगितल्याप्रमाणे द्या. साधारणतः मऊ, कमी तेलकट, थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा. नेहमीचे वाडगेभर अन्न एकदम देऊ नका. तो मागेल, केविलवाणे पाहील, तुम्ही विरघळू नका. जिना, सोफ्यावर उड्या आणि अंगणातील धावपळ दहा-बारा दिवस बंद. शौचाला नेताना पट्टा लावून न्या. जखम कोरडी राहू द्या. तिच्यावर हळद, खोबरेल, राख यांपैकी काही लावू नका.


आडवाट, देवरुख
बुधवार, रात्री ९.५०

आज चौथा दिवस. उलटी नाही, तापमान सकाळी १०१.६ होते, काल पहिले शौच झाले. परात आता माळ्यावर ठेवतो आणि कोयी पिळल्याबरोबर झाकणाच्या डब्यात जातात. एकच विचारायचे होते. गळ्यातील प्लॅस्टिकच्या कोनामुळे त्याला झोप लागत नाही, सारखा भिंतीला आपटतो. रात्री आम्ही जवळ झोपतोच, तर रात्रीपुरता कोन काढला तर चालेल का?


गोठा ते गॅलरी (पशुवैद्य)
बुधवार, रात्री १०.०४

नाही. टाके निघेपर्यंत, साधारण दहा ते चौदा दिवस, रात्रीही नाही. तुम्हाला डोळा लागल्यावर पाच मिनिटांत तो टाके उसवील. कोनाच्या कडेला जुन्या सुती साडीची पट्टी शिवा, म्हणजे मानेला टोचणार नाही आणि आवाजही कमी होईल.